एचआयव्हीवरच्या चाळीस वर्षांच्या संशोधनातून हाती काय लागलं?

प्रश्न एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: 'एचआयव्हीवर चार दशकं जगभर संशोधन झालं, अब्जावधी डॉलर खर्च झाले, तरी आजही वर्षाला 13 लाख लोकांना नव्याने लागण होते. मग या संशोधनाने साधलं काय? आणि प्रबंधासाठी मी हा विषय घ्यावा का, की यात करण्यासारखं आता काही उरलेलं नाही?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: घ्या. पहिल्याला वेळ लागेल, कारण संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, औषध आणि लस एवढंच येतं. मी या क्षेत्रात साथरोगशास्त्राच्या बाजूने आले. इतकी वर्षं एकीकडे आकडे आणि दुसरीकडे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रांपुढच्या रांगा पाहून माझं मत पक्कं झालं आहे. एचआयव्हीच्या बाबतीत ज्ञान फार लवकर मिळालं. उशीर झाला तो ते माणसापर्यंत पोचायला, आणि एड्सने गेलेल्यांतला फार मोठा हिस्सा त्या उशिरात गेला. हा उशीर कशामुळे होतो, किती होतो आणि कुठे कमी करता येतो हे मोजणं, हे सार्वजनिक आरोग्य संशोधनाचं या साथीतलं सर्वांत मोलाचं काम आहे.

तारखाच बघा. 5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची नोंद छापून आली. 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. 1985 मध्ये रक्ततपासणी आली, 1987 मध्ये एझेडटी हे पहिलं औषध आलं. 1996 च्या व्हँकुव्हर परिषदेत जगासमोर आलं की तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू रक्तात सापडेनासा होतो आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला लागतात. अनोळखी आजारापासून त्याला आवर घालणाऱ्या उपचारापर्यंतचा हा सगळा प्रवास 15 वर्षांत झाला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये दाखवला होता आणि त्यावरचं पहिलं प्रभावी औषध यायला 1940 चं दशक उजाडलं, हे लक्षात घेतलं की या 15 वर्षांची किंमत कळते.

आता दुसरी तारीख. जगात एड्सने सर्वाधिक मृत्यू झाले ते 2004 मध्ये, त्या एका वर्षात 21 लाखांच्या आसपास. म्हणजे उपचार सिद्ध झाल्यावरही आठ वर्षं मृत्यूंचा आलेख चढतच राहिला. हा आलेख मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला दाखवते आणि विचारते, या आठ वर्षांत शास्त्रज्ञांना काय माहीत नव्हतं? माहीत नाही असं महत्त्वाचं फारसं काही उरलं नव्हतं. आड आल्या त्या वेगळ्या गोष्टी.

पहिली आड आली ती किंमत. त्या तीन औषधांचा खर्च अमेरिकेत माणशी वर्षाला 10 ते 15 हजार डॉलर होता. आफ्रिकेतल्या कुठल्याही सरकारला तो झेपणारा नव्हता आणि आपल्यालाही नव्हता. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी एमएसएफ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला वर्षाला 350 डॉलर दराने हीच औषधं देऊ केली. रोजचा खर्च एका डॉलरच्या आत आला. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तोच रेणू बनवणं कायदेशीर होतं. पुढे 2005 मध्ये कायदा बदलला, पण तोवर दर उतरले होते. नोव्हेंबर 2001 च्या दोहा जाहीरनाम्याने सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंटला बगल देण्याचा देशांचा हक्क मान्य केला होता. 2002 मध्ये गरीब देशांना उपचारांसाठी पैसा पुरवणारा ग्लोबल फंड उभा राहिला आणि 2003 मध्ये अमेरिकेने पेपफार हा एड्ससाठीच्या परदेशी मदतीचा कार्यक्रम पाच वर्षांसाठी 15 अब्ज डॉलरच्या घोषणेने सुरू केला.

दर उतरल्यावर दुसरा आक्षेप पुढे आला, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या विषयाचं बळ तिथे दिसतं. 2001 मध्ये यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी जाहीरपणे मांडलं की आफ्रिकेतल्या अनेकांनी घड्याळच पाहिलेलं नाही, त्यामुळे ठरावीक वेळी गोळ्या घेणं त्यांना जमणार नाही. असं मानणारे ते एकटे नव्हते. गोळ्या अनियमित घेतल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, मग ही औषधं गरीब देशांत नेणं म्हणजे प्रतिरोधी विषाणूंची पैदास करणं, असं मोठमोठ्या परिषदांत गंभीरपणे बोललं जाई. शास्त्राच्या भाषेत मांडलेला तो पूर्वग्रह होता. मात्र त्याचं उत्तर संतापून देता येत नव्हतं, मोजून द्यावं लागणार होतं. हैतीच्या डोंगराळ भागात पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच माणसांना रुग्णाच्या सोबतीला नेमून उपचार सुरू केले. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एमएसएफने 2001 मध्ये उपचार सुरू केले. अशा अनेक ठिकाणचे आकडे एकत्र करून 2006 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक विश्लेषण आलं. पुरेशा नियमितपणे औषध घेणाऱ्या रुग्णांचं प्रमाण आफ्रिकेत 77 टक्के निघालं आणि उत्तर अमेरिकेत 55 टक्के.

ही 77 आणि 55 ची जोडी मला आजही पाठ आहे. पुढे मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांतून कारणही उलगडलं. औषधासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी प्रवासाचे पैसे दिलेले असत, कोणी आठवण करत असे, कोणी मूल सांभाळत असे. गोळी चुकवणं म्हणजे या सगळ्यांच्या शब्दाला न जागणं, म्हणून माणसं उसनवारी करूनही औषध चुकू देत नसत. प्रबंधात फक्त प्रश्नावल्या न भरता माणसांशी बोला असं मी म्हणते ते यासाठी. 77 हा आकडा मोजणीतून मिळाला, पण तो तसा का आहे हे मुलाखतींतूनच कळलं.

तिसरी आड आली ती सत्ता. दक्षिण आफ्रिकेत थाबो म्बेकी अध्यक्ष असताना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच सरकार नीट मान्य करेना. आरोग्यमंत्री लसूण आणि बीट खायचा सल्ला देत होत्या. युगांडातल्या चाचणीने 1999 मध्ये दाखवलं होतं की प्रसूतीच्या वेळी आईला आणि जन्मल्यावर बाळाला नेव्हिरापिनची एकेक मात्रा दिली तर बाळाला होणारी लागण निम्म्याच्या जवळपास कमी होते. औषध कंपनी ते फुकट द्यायला तयार होती, तरी सरकारने ते मोजक्या प्रायोगिक केंद्रांपुरतंच ठेवलं. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही रुग्णांची संघटना न्यायालयात गेली आणि जुलै 2002 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सरकारला औषध द्यायला लावलं. वकिलांच्या हातात कायद्याइतकीच ती युगांडाची आकडेवारी होती. 2008 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी या दिरंगाईचा हिशेब मांडला: 2000 ते 2005 या काळात 3 लाख 30 हजारांहून अधिक माणसं टाळता येण्याजोग्या मरणाने गेली आणि सुमारे 35 हजार बाळं लागण घेऊन जन्मली. एका धोरणामुळे किती माणसं मेली हे इतक्या नेमकेपणाने मांडणारे अभ्यास फार थोडे आहेत. तुम्ही तो मुळातून वाचा. गृहीतकं कशी मुद्दाम सावध धरली आहेत, जेणेकरून कोणी 'फुगवून सांगितलं' म्हणू नये, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

आणि त्याच देशातला पुढचा आकडा. क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या हलाबिसा भागात एक संशोधन केंद्र घरोघरच्या जन्ममृत्यूंची वर्षानुवर्षं नोंद ठेवत होतं. तिथे प्रौढांचं सरासरी आयुर्मान 2003 मध्ये 49.2 वर्षं होतं. सरकारी दवाखान्यांतून उपचार सुरू झाले आणि 2011 मध्ये ते 60.5 वर्षांवर गेलं. आठ वर्षांत अकरा वर्षांची भर! सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असा बदल इतक्या थोड्या काळात क्वचितच झाला आहे, आणि रोज घरोघर जाऊन कंटाळवाण्या नोंदी करणारे गणक तिथे नसते तर तो दिसलाही नसता.

आपल्याकडे वळते. भारतातली पहिली लागण 1986 मध्ये चेन्नईत सापडली. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या, आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ते काम केलं. निर्मला यांनी नमुने गोळा केले आणि तपासणीसाठी वेल्लोरला नेले, तेव्हा 'हा आपल्याकडचा आजारच नाही' असा सगळ्यांचा समज होता. 1992 मध्ये नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, स्थापन झाली, आणि त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, जिला आम्ही सगळे 'नारी' म्हणतो.

नारीतून 1997 मध्ये निघालेला एक अभ्यास मला जगातल्या कुठल्याही मोठ्या चाचणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो करणाऱ्यांत डॉ. रमण गंगाखेडकर होते, कोविडच्या काळात दिल्लीतल्या पत्रकार परिषदांत दिसणारे तेच. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ज्या देहविक्रय करत नव्हत्या, त्यांच्यातही 13.6 टक्के जणींना एचआयव्हीची लागण होती. त्यातल्या बहुतेक लग्नाच्या बायका होत्या आणि त्यांचा संबंध फक्त नवऱ्याशी आला होता. तोवर सगळा कार्यक्रम 'जोखमीचे गट' धरून चालला होता: वेश्यावस्ती, ट्रकचालक, व्यसनी. संदेशही तसेच, एकनिष्ठ राहा म्हणजे सुरक्षित राहाल. या बायका एकनिष्ठच होत्या! आपण कोणाला मोजायचं ठरवतो यावर आपल्याला साथ कुठे दिसते हे अवलंबून असतं, हे त्या एका अभ्यासाने दाखवून दिलं. त्यानंतर गर्भवतींची तपासणी आणि पती-पत्नी दोघांचं समुपदेशन यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

मोजणीची दुसरी गोष्ट 2007 ची. तोवर भारतात 52 लाख लागणग्रस्त आहेत असा सरकारी अंदाज होता आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्स या संस्थेचा 57 लाखांचा. भारताने दक्षिण आफ्रिकेला मागे टाकलं अशा बातम्या येत होत्या. हे अंदाज सेंटिनल पाहणीवर आधारलेले होते. त्यात ठरावीक सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवती आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांचं रक्त तपासून त्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज बांधला जाई. पण सरकारी दवाखान्यात कोण जातं? गरीब माणसं, आणि खासगी डॉक्टरांनी एचआयव्हीच्या संशयावरून वाटेला लावलेले रुग्ण. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात संशोधकांनी घरोघर जाऊन रक्त तपासलं, तर लागण सेंटिनल अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघाली. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. प्रमाण आलं 0.28 टक्के. जुलै 2007 मध्ये अंदाज 25 लाखांवर आणला गेला.

काहींनी तेव्हा म्हटलं, एवढा बागुलबुवा केला आणि साथ तर नव्हतीच. ते चूक होतं. आकडा निम्मा झाला तरी 25 लाख माणसं खरी होती, आणि ती कुठे आहेत हे आता अधिक नेमकं कळलं होतं. आजही देशाचा अंदाज 25 लाखांच्या घरात आहे आणि संख्येने सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात आहेत. निधी कमी होईल या भीतीने सुधारित आकडा दाबून ठेवावा असंही बोलणारे होते. तो जाहीर झाला हे योग्यच झालं. फुगवलेल्या आकड्यावर उभा राहिलेला कार्यक्रम पहिल्या उलटतपासणीतच कोसळतो.

आता औषधांकडे परत. 2011 मध्ये एचपीटीएन 052 या चाचणीचा निकाल लागला. नऊ देशांतली 1,763 जोडपी, ज्यांत एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही. भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक पुण्याचं होतं, दुसरं चेन्नईचं. निम्म्यांना लगेच औषध सुरू केलं, निम्म्यांना प्रतिकारशक्ती घसरल्यावर, त्या वेळच्या नियमाप्रमाणे. जोडीदाराकडूनच झाल्याचं जनुकीय तपासणीने सिद्ध झालेल्या 28 लागणींपैकी 27 उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या आणि फक्त एक लगेच मिळालेल्या गटात. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की विषाणू दबलेला असला तर शरीरसंबंधातून लागण होतच नाही. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदान होताच सर्वांना औषध द्या असं सांगितलं, आणि भारताने ते 2017 मध्ये स्वीकारलं. या शोधात पुण्यातल्या जोडप्यांचा वाटा आहे. आपल्याकडे याची जाण फार थोड्यांना आहे, याची मला खंत वाटते.

त्याच सुमाराची दुसरी चाचणी याच्या अगदी उलट निघाली. व्हॉइस नावाची. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 5,029 स्त्रियांना लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी किंवा लावायचं जेल दिलं. स्त्रिया सांगत होत्या की आम्ही 90 टक्के वेळा औषध घेतो. परत आणलेल्या बाटल्यांतल्या गोळ्या मोजल्या, हिशेब जुळत होता. चाचणी संपल्यावर साठवलेलं रक्त तपासलं, तर 30 टक्के किंवा त्याहून कमी नमुन्यांत औषधाचा अंश होता. संरक्षण कोणालाच मिळालं नाही. त्या बायका खोटारड्या होत्या म्हणणं सोपं आहे, काहींनी तसं म्हटलंही. नंतर त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर कळलं की घरात एचआयव्हीची गोळी दिसली तर लोक आपल्याला रुग्ण समजतील, जोडीदार संशय घेईल, याची त्यांना धास्ती होती. आणि चाचणीत राहिल्याने दवाखान्यात चांगली तपासणी मिळत होती, ती सोडवत नव्हती.

हे कळायला आफ्रिकेला जावं लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात सांगली जिल्ह्यात एका कारखान्याच्या हद्दीत बीडकडची टोळी उतरली होती. टोळीतल्या एका बाईला भेटायला समुपदेशक निघाल्या, त्यांच्याबरोबर मी गेले. कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, मागे आडोशाला तिने पिशवीच्या तळातून गोळ्यांची बाटली काढून दाखवली. लेबल नखाने खरवडून काढलेलं, आत गोळ्यांच्या वर कापूस दाबून बसवलेला. आम्ही विचारायच्या आधीच म्हणाली, "गोळी घेते की ताई, पण बाटली वाजती. सगळ्या कोप्यांना ऐकू जाती." पुढच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी तिला जिल्ह्याच्या एआरटी केंद्रावर जायचं होतं. म्हणजे एक खाडा. खाडा झाला की मजुरी बुडते, वर मुकादमाचा दंड, आणि कोयता जोडीचा असल्याने नवऱ्याचंही काम अडतं. केंद्रातल्या नोंदवहीत अशी बाई दोन-तीन महिने आली नाही की तिच्या नावापुढे 'एलएफयू' पडतं, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेली. आणि अहवालात कारण लिहिलं जातं 'रुग्णाची उदासीनता'. उदास माणूस बाटलीत कापूस भरून गोळी लपवत नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या तर तिचे बहुतेक खाडे वाचतात. कोविडच्या टाळेबंदीत ते करून दाखवलंही गेलं होतं.

म्हणून लेनाकापाविरबद्दल मला खरा उत्साह आहे. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन. बाटली नाही, आवाज नाही. 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीचा निकाल आला: इंजेक्शन घेतलेल्या 2,134 तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. व्हॉइसने दाखवलेल्या अडचणीवर शोधलेलं हे उत्तर आहे, आणि ती फसलेली चाचणी वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला 28 हजार डॉलरच्या वर ठेवली आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांनी 2027 पासून 120 देशांत ते वर्षाला 40 डॉलरना देण्याचे करार सप्टेंबर 2025 मध्ये केले आहेत. 1996 नंतर जे घडलं तेच पुन्हा समोर आहे. पुरावा हातात आहे, आणि किती वर्षं वाया जातात हे आता पाहायचं.

तुमच्या मूळ शंकेकडे येते. एवढं सगळं असताना 13 लाख नव्या लागणी का? 2024 च्या अंदाजानुसार जगात 4 कोटी 8 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि 3 कोटी 16 लाख औषधावर आहेत. उरले 92 लाख. त्यातल्या अनेकांना आपल्याला लागण आहे हेच माहीत नाही, आणि बऱ्याच लागणी तिथूनच पुढे जातात. पॉपआर्ट नावाच्या मोठ्या चाचणीत झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 21 वस्त्या होत्या, सुमारे 10 लाख लोकसंख्येच्या. त्यांतल्या 14 वस्त्यांत, दोन गटांत, आरोग्यसेवक घरोघर फिरून तपासणी करत आणि औषधाशी जोडून देत. उरलेल्या 7 वस्त्यांच्या तुलनेत नव्या लागणी एका गटात 30 टक्क्यांनी कमी निघाल्या. दुसऱ्या गटात, जिथे सुरुवातीपासून सगळ्यांना लगेच औषध होतं, तिथे घट फक्त 7 टक्के, म्हणजे योगायोगात जमा. असं का व्हावं, याचं समाधानकारक स्पष्टीकरण संशोधकांनाही देता आलं नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं. एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसली: आरोग्यसेवक घरी गेले तेव्हा तरुण पुरुष घरात नसत. ते कामावर असत, नाहीतर दुसऱ्या गावी. गाव धरून आखलेल्या कार्यक्रमातून फिरता माणूस निसटतो, तिथेही आणि आपल्या मराठवाड्यातही.

दुसरं कारण, ज्यांना सर्वाधिक धोका आहे त्यांच्याशी नीट वागायला सरकारांना जड जातं. थायलंडने 1991 च्या सुमारास देहविक्रयाच्या सर्व ठिकाणी कंडोम सक्तीचा केला आणि काही वर्षांत त्याचा वापर 90 टक्क्यांवर नेला. कोलकात्यात सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी आणि सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम'ने 1992 पासून वेगळा रस्ता धरला: त्या व्यवसायातल्या बायकाच कंडोम वाटणार, त्याच संघटित होणार, निर्णयही त्यांचे. सांगलीत त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. या पद्धतीचे परिणाम चांगले आहेत हे अभ्यासांनी दाखवलं. पण अमेरिकेच्या निधीला 2003 पासून अट होती की संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध जाहीर करावा. 'संग्राम'ने 2005 मध्ये तो पैसा नाकारला, ब्राझीलच्या सरकारनेही त्याच वर्षी 4 कोटी डॉलर नाकारले. ज्या बायकांच्या जोरावर काम चालतं त्यांच्याच विरोधात सही करून काम कसं चालणार? मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो.

जानेवारी 2025 पासून अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यावर आफ्रिकेतली अनेक केंद्रं रातोरात बंद झाली. पेपफारचा निधी कायमचा गेला तर 2029 पर्यंत 60 लाख जास्तीच्या लागणी आणि 40 लाख जास्तीचे मृत्यू होतील असा यूएनएड्सचा अंदाज आहे. हे गणिती प्रारूप आहे, त्यातली गृहीतकं तपासूनच वाचा. मला त्याहून अधिक घोर लागला आहे तो एका कमी चर्चेतल्या गोष्टीचा. अनेक देशांत घरोघरच्या आरोग्य पाहण्या ज्या डीएचएस कार्यक्रमातून होत, तोही अमेरिकी पैशावर होता आणि फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केला गेला. मृत्यू वाढले तरी ते दिसणार नाहीत अशी वेळ येऊ शकते.

आता तुमचा प्रबंध. नवं औषध, नवी लस यांच्या मागे लागू नका, ते तुमच्या आवाक्यातलं नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या रुग्णांचं औषध कुठे तुटतं, हा एकच प्रश्न घ्या. एखाद्या एआरटी केंद्रावरचे ऊसतोड कामगार निवडा. दिवाळीनंतर त्यांपैकी किती जणांनी ट्रान्स्फरची चिठ्ठी घेतली, किती जण कारखान्याजवळच्या लिंक केंद्रावर, म्हणजे मुख्य केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रावर, खरोखर पोचले, हंगामानंतर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, किती जणांचा दबलेला होता, हे बघा. 'गोळी घेता का' या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका. औषधवाटपाच्या नोंदी आणि व्हायरल लोड एकमेकांशी ताडून पाहा, आणि मग दहा-बारा जणांशी निवांत बोला, टोळीपासून आणि मुकादमापासून दूर.

2017 चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करता येत नाही, त्यामुळे नावं आणि पत्ते केंद्राबाहेर येणार नाहीत अशीच आखणी करा. मुलाखतीला कोपीवर कधीही जाऊ नका. मी समुपदेशकांसोबत गेले ते त्या बाईनेच बोलावलं होतं म्हणून. कॉलेजच्या नैतिकता समितीबरोबर राज्य एड्स नियंत्रण संस्थेचीही परवानगी लागेल आणि तिला महिने लागतात. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, तेव्हा अर्ज पावसाळ्याच्या आधी गेला पाहिजे.